तारीख चुकू नये म्हणून

आपल्या शाळेच्या कार्यालयाला दरवर्षी एक प्रसंग पाहावा लागतो. पालक धावतपळत येतात. हातात उत्पन्नाचा दाखला असतो, सातवीची गुणपत्रिका असते, पाल्याचा फोटो असतो. सगळे तयार असते. फक्त अर्जाची मुदत आदल्या दिवशी संपलेली असते. मग मुख्याध्यापकांनाही काही करता येत नाही आणि लिपिकालाही नाही, कारण संगणकावरचा अर्ज मुदत संपली की उघडतच नाही.

अशा वेळी नुकसान किती होते, ते एका उदाहरणावरून पाहू. राष्ट्रीय मीन्स-कम-मेरिट शिष्यवृत्तीची परीक्षा, जिला सगळे 'एनएमएमएस' म्हणतात, आठवीत असताना देता येते. शासकीय, अनुदानित व स्थानिक संस्थांच्या शाळांतील ज्या मुलांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांच्यासाठी ती आहे. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० रुपये झाले. आठवी आयुष्यात एकदाच येते, त्यामुळे 'पुढच्या वर्षी भरू' असे म्हणण्याची सोय येथे नाही. हुशारी होती, गरज होती, कागदही होते. राहिली ती फक्त तारीख.

पूर्वी प्रत्येक घरात तारखा सांभाळणारे एक माणूस असे. बहुधा ती आजी असे. भिंतीवर कॅलेंडर, त्याच्या चौकटींत दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याचा दिवस, कुणाचे बारसे, कुणाचे वर्षश्राद्ध. १९७३ पासून निघणारे 'कालनिर्णय' इंदूरच्या मराठी घरांतही पोहोचले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर कायमचे बसले. ती भिंत अजून आहे, कॅलेंडरही आहे. पण येता-जाता त्याकडे पाहणारे माणूस मात्र कमी झाले. आई-वडील दोघेही कामावर, मुले शाळा आणि शिकवणीत, आणि तारखा तर पूर्वीपेक्षा किती तरी वाढल्या. विमा, पासपोर्ट, आधार, शिष्यवृत्ती, गाडीचे कागद, बँकेच्या ठेवी.

यावर एक सोपा व बिनखर्चाचा उपाय बहुतेकांच्या खिशात आहे. मोबाइलमध्ये कॅलेंडर असते आणि ते ठरलेल्या दिवशी घंटा वाजवून आठवण करून देते. गुगल कॅलेंडर २००६ पासून मोफत आहे. आयफोनमध्ये कॅलेंडर व रिमाइंडर्स आधीपासूनच असतात. आजोबांच्या साध्या बटणांच्या फोनमध्येही बहुधा कॅलेंडर किंवा गजर असतोच, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. तरीही अनेक घरांत ही सोय वाढदिवसापलीकडे वापरली जात नाही. काही जण वापरतात, पण घंटा चुकीच्या दिवशी वाजते आणि मग 'मोबाइलचा काही उपयोग नाही' असा निष्कर्ष निघतो. खरे तर मोबाइल सांगितले तेवढेच करतो. त्याला काय सांगायचे, हे आपल्याला आधी कळले पाहिजे. म्हणून तारखांचे चार प्रकार समजून घेऊ. प्रत्येक प्रकाराची घंटा लावण्याची रीत वेगळी आहे.

पहिला प्रकार : न बदलणाऱ्या तारखा

वाढदिवस, विम्याचा वार्षिक हप्ता, घरपट्टी भरण्याचा आपण ठरवलेला दिवस या तारखा दरवर्षी किंवा दरमहा त्याच असतात. येथे 'दरवर्षी पुन्हा' किंवा 'दरमहा पुन्हा' असा पर्याय निवडला की काम झाले. एकदा केलेली नोंद वर्षानुवर्षे पुरते.

मात्र एक काळजी घ्यावी. दर महिन्याच्या ३१ तारखेची घंटा लावली, तर बऱ्याच कॅलेंडरांत ती फक्त ३१ दिवसांच्या महिन्यांतच वाजते. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर हे पाच महिने गप्प जातात. महिनाअखेरीच्या कामासाठी म्हणून २८ तारीख निवडावी. २९ फेब्रुवारीचा वाढदिवस असेल तर त्याचीही नोंद २८ ला करावी, नाहीतर फोन चार वर्षांनी एकदा शुभेच्छांची आठवण देईल!

विम्याच्या हप्त्याबाबत आणखी थोडे. आयुर्विम्यात वार्षिक, सहामाही व तिमाही हप्त्यांना साधारण ३० दिवसांची आणि मासिक हप्त्यांना १५ दिवसांची सवलत मिळते. ही सवलत अडचणीसाठी आहे. घंटा मूळ तारखेच्या आधीच लावावी. वाहन विम्याचे तर आणखी वेगळे. त्याची मुदत संपली त्या दिवसापासून गाडीला विम्याचे संरक्षण नसते. आणि ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर आजवर दावा न केल्याबद्दल साठलेली बोनसची सूटही जाते.

दुसरा प्रकार : मुदतीच्या तारखा

येथे तारीख कॅलेंडरवर छापलेली नसते, ती मोजून काढावी लागते. अमुक दिवशी कागद मिळाला, त्याची मुदत अमुक वर्षे, म्हणजे तो अमुक दिवशी संपणार. सर्वांत जास्त चुका याच प्रकारात होतात, कारण पाच-दहा वर्षांनी येणारी तारीख कुणाच्याच डोक्यात राहत नाही.

काही नेहमीची उदाहरणे देतो. प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षे चालतो. लहान मुलांचा मात्र ५ वर्षे किंवा वयाची १८ पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच चालतो. परदेशी असलेल्या मामाकडे जायचे ठरते, तिकिटे पाहिली जातात आणि मग कळते की आईबाबांचे पासपोर्ट चालू आहेत, मुलाचा संपला. शिवाय अनेक देश प्रवासाच्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी अशी अट घालतात.

पाच वर्षांखालील मुलांच्या आधार कार्डासाठी बोटांचे ठसे घेतलेले नसतात. ते ५ व्या वर्षी द्यावे लागतात आणि १५ व्या वर्षी पुन्हा अद्ययावत करावे लागतात. हे राहून गेले की परीक्षेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी, म्हणजे नेमक्या घाईच्या वेळी अडचण उभी राहते.

लसींचेही तसेच. तान्ह्या बाळाच्या लसी आपण चुकवत नाही, कारण कार्ड हाताशी असते आणि परिचारिका विचारते. पण राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात ५ ते ६ वर्षांच्या दरम्यान त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा आहे, आणि १० व १६ व्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांसाठी टीडी लस आहे. तोवर ते कार्ड कुठल्या कपाटात गेले हे घरात कुणालाच ठाऊक नसते.

आपल्या मोठ्या विद्यार्थ्यांसाठी शिकाऊ वाहन परवाना हे चांगले उदाहरण आहे. तो सहा महिने चालतो, आणि पक्क्या परवान्याची चाचणी मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर देता येते. म्हणजे एका कागदाच्या दोन तारखा झाल्या : चाचणी देता येईल तो पहिला दिवस आणि मुदत संपण्याचा दिवस. दोन्हींची नोंद करावी.

या सगळ्या प्रकारासाठी नियम एकच आहे. कागद हातात पडला त्याच दिवशी, तो कपाटात ठेवण्याआधी, त्याची संपण्याची तारीख फोनमध्ये घालावी. एकदा का कागद फाइलमध्ये गेला की तारीखही त्याच्याबरोबर फाइलमध्येच जाते.

तिसरा प्रकार : जाहीर होणाऱ्या तारखा

शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा, शिक्षणहक्क कायद्याखालील प्रवेश, बोर्डाचे परीक्षा अर्ज यांच्या तारखा दरवर्षी नव्याने जाहीर होतात. गेल्या वर्षी अर्ज अमुक महिन्यात निघाले म्हणून यंदाही तेव्हाच निघतील असे नाही. म्हणून येथे 'दरवर्षी पुन्हा' ही घंटा फसवी ठरते. ती वाजेल तेव्हा मुदत कदाचित होऊन गेलेली असेल.

येथे तारखेची नव्हे, चौकशीची घंटा लावावी. गेल्या वर्षी अर्ज ज्या महिन्यात निघाले त्याच्या दोन महिने आधीपासून, आठवड्यातून एकदा, समजा दर शनिवारी, 'शिष्यवृत्तीची सूचना निघाली का, शाळेत विचारणे' अशी नोंद करावी. सूचना निघाली की ही साप्ताहिक नोंद काढून टाकावी आणि खऱ्या अंतिम तारखेची नोंद करावी. त्याच वेळी सोबत लागणाऱ्या कागदांचीही नोंद करावी. उत्पन्नाचा व जातीचा दाखला एका दिवसात मिळेल असे गृहीत धरू नये.

आणखी एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे काम संपले असे नाही. एनएमएमएसचे दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षी कष्टाने मिळवलेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी केवळ विसरल्यामुळे थांबावी, यापेक्षा वाईट काय असणार?

चौथा प्रकार : तिथीच्या तारखा

हा प्रकार खास आपला आहे आणि मोबाइल येथेच सर्वांत जास्त गोंधळतो. पुण्यतिथी, पक्षातील श्राद्ध, कुळाचार, संकष्टी, देवीचे नवरात्र ही सारी तिथीप्रमाणे येतात. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे तिथी दरवर्षी मागे सरकते, आणि सुमारे ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना आला की एकदम पुढे उडी घेते. गणेश चतुर्थीच पाहा. २०२३ मध्ये ती १९ सप्टेंबरला आली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, तर अधिक ज्येष्ठामुळे २०२६ मध्ये तिची तारीख १४ सप्टेंबर. गणपतीची तारीख शहरभरच्या मांडवांमुळे कळते. आजोबांच्या श्राद्धाचा मांडव कुणी घालत नाही.

म्हणून तिथीच्या नोंदीला 'दरवर्षी पुन्हा' कधीही लावू नये. नवे कॅलेंडर किंवा पंचांग घरी आले की एका संध्याकाळी बसावे, घरातल्या सगळ्या तिथी त्यात पाहाव्यात आणि त्या वर्षापुरत्या तारखा फोनमध्ये घालाव्यात. तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल तर ती कोणत्या दिवशी धरायची हेही पंचांगातच पाहावे किंवा गुरुजींना विचारावे. नोंदीच्या नावातच तिथी लिहावी, म्हणजे पुढच्या वर्षी शोधाशोध होत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. आपल्या आजूबाजूला मध्य प्रदेशात व उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोन्हींकडे महिन्याचे नाव एकच असते. वद्य पक्षात मात्र उत्तरेकडील नाव एक महिना पुढे असते. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, तर शेजारच्या घरी फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला. दिवस मात्र तोच. आपला पितृपक्ष भाद्रपद वद्यात, त्यांचा आश्विन कृष्ण पक्षात, दिवस तेच. सणांच्या बाबतीत यामुळे काही बिघडत नाही. पण आजीने सांगितलेली 'पौष वद्य पंचमी' नातवाने हिंदी पंचांगात किंवा तशा एखाद्या अॅपमध्ये 'पौष कृष्ण पंचमी' म्हणून शोधली, तर त्याला नेमकी एक महिना आधीची तारीख मिळेल. म्हणून अशा प्रत्येक नोंदीत तिथीपुढे 'महाराष्ट्रीय पद्धत' हे दोन शब्द अवश्य लिहावेत.

आणि हे काम लांबणीवर टाकू नये. पासपोर्टची तारीख पासपोर्टवर छापलेली असते. पणजीची तिथी, कुलदेवतेच्या बोडणाचा महिना, कुणाच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, हे कोणत्याच कागदावर नसते. ते फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. त्यांना विचारून लिहून ठेवले नाही, तर नंतर विचारायचे कुणाला?

घंटा कधी वाजावी?

बहुतेक लोक शेवटच्या दिवसाची घंटा लावतात. त्या दिवशी घंटा वाजते, आपण दुकानात किंवा बसमध्ये असतो, 'घरी गेल्यावर पाहू' म्हणतो, आणि घरी पोहोचेपर्यंत खिडकी बंद झालेली असते. शेवटचा दिवस ही काम संपण्याची तारीख आहे. आपल्याला हवी आहे ती काम सुरू करण्याची तारीख.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कामाला तीन घंटा असाव्यात. पहिली कागद गोळा करण्याची, दुसरी प्रत्यक्ष काम करण्याची, आणि तिसरी शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधी, 'झाले का?' हे विचारणारी. पासपोर्टसाठी पहिली घंटा मुदत संपण्याच्या नऊ-दहा महिने आधी असावी, कारण नूतनीकरणाचा अर्ज वर्षभर आधीपासून करता येतो. वाहन विम्यासाठी पंधरा दिवस पुरतात. वाढदिवसासाठी भेटवस्तू आणायची असेल तर दोन दिवस, नुसता फोन करायचा असेल तर सकाळची घंटा पुरे.

गुगल कॅलेंडरमध्ये एखाद्या नोंदीची आगाऊ घंटा जास्तीत जास्त चार आठवडे आधीपर्यंतच लावता येते. त्याहून आधी आठवण हवी असेल तर त्या आधीच्या तारखेला वेगळी नोंद करावी, हे सोपे.

नोंद कशी करावी?

फोनमधील कॅलेंडर उघडावे. अधिकाच्या चिन्हावर बोट ठेवले की नवी नोंद करण्याची जागा येते. नोंदीला नाव देताना फक्त 'विमा' किंवा 'फॉर्म' असे लिहू नये. तीन वर्षांनी तो शब्द वाचून काहीच कळणार नाही. 'स्कूटरचा विमा भरणे, जुनी पॉलिसी निळ्या फाइलमध्ये' असे पूर्ण लिहावे. टाइप करणे जड जात असेल तर अँड्रॉइड फोनच्या कीबोर्डवर माइकचे चिन्ह असते; मराठी भाषा निवडून नुसते बोलले तरी अक्षरे उमटतात.

मग तारीख आणि वेळ निवडावी. वेळ अशी असावी की आपण घरी व मोकळे असू. सकाळी अकराची घंटा नोकरी करणाऱ्याच्या उपयोगाची नाही. त्यानंतर 'रिपीट'मध्ये जाऊन पहिल्या प्रकारची तारीख असेल तरच पुनरावृत्ती निवडावी. शेवटी 'नोटिफिकेशन'मध्ये दोन-तीन आगाऊ घंटा जोडून नोंद जतन करावी.

पहिल्यांदा करत असाल तर पाच मिनिटांनंतरची एक खोटी नोंद करून पाहावी. घंटा वाजली नाही तर फोनच्या सेटिंगमध्ये कॅलेंडरला सूचना देण्याची परवानगी नसेल, किंवा बॅटरी वाचवण्याच्या सोयीने ती अडवली असेल. हे आधीच कळलेले बरे. कॅलेंडरची सूचना एकदा 'टिंग' करून थांबते, गजर मात्र बंद करेपर्यंत वाजतो. म्हणून आजोबांच्या रोजच्या औषधासाठी गजर वापरावा आणि महिन्या-वर्षांच्या कामांसाठी कॅलेंडर.

घंटा कुणाच्या फोनवर?

घरातल्या सगळ्या तारखा आईच्याच फोनमध्ये असतील, तर आपण फक्त भिंतीवरचे ओझे आईच्या पर्समध्ये ठेवले. फोन हरवला, बिघडला किंवा आई आजारी पडली की सगळेच थांबते. गुगल कॅलेंडरमध्ये 'घर' नावाचे वेगळे कॅलेंडर तयार करून ते घरातल्या इतरांना दाखवता येते. हे काम संगणकावरून केल्यास सोपे जाते. एकाने नोंद केली की सर्वांना दिसते. प्रत्येक नोंदीत काम कुणाचे हेही लिहावे : 'बाबा : बँकेत जाणे'. नाव नसलेले काम सगळ्यांचे असते, म्हणजे कुणाचेच नसते.

व्हॉट्सअॅपच्या गटात तारीख टाकली म्हणजे काम झाले, असेही समजू नये. संध्याकाळपर्यंत तो निरोप शुभेच्छांच्या फुलांखाली गाडला जातो.

वडीलधाऱ्यांच्या दोन तारखा मुला-नातवांनी आपल्या फोनमध्ये ठेवाव्यात. एक, निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला. केंद्र सरकारच्या निवृत्तांना तो दर नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. ८० वर्षे पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. 'जीवन प्रमाण' या २०१४ मध्ये सुरू झालेल्या सोयीमुळे तो घरबसल्याही देता येतो. दुसरी, बँकेतील जुनी खाती. दोन वर्षे काहीच व्यवहार झाला नाही तर बचत खाते निष्क्रिय होते, आणि दहा वर्षे तसेच पडून राहिले तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. ती परत मागता येते, पण खटपट करावी लागते. वर्षातून एका घंटेने ती टळते.

मोफत सोयीच्या मर्यादा

मोफत सोय देणारा ती केव्हाही बदलू शकतो, हे ध्यानात असावे. गुगल कॅलेंडर पूर्वी मोफत एसएमएस पाठवून आठवण देत असे. वैयक्तिक वापरासाठीची ती सोय जून २०१५ मध्ये बंद झाली. त्यातील 'रिमाइंडर' हा प्रकार २०२३ मध्ये 'टास्क'मध्ये मिसळला गेला. म्हणून वर्षातून एकदा सर्व तारखा एका साध्या वहीतही उतरवून ठेवाव्यात. फोन घंटा वाजवील, वही टिकेल. दोन्हींचे काम वेगळे आहे.

नोंदींमध्ये पासवर्ड, एटीएमचा पिन, आधार क्रमांक लिहू नयेत. घंटा वाजते तेव्हा हा मजकूर बंद फोनच्या पडद्यावरही कुणालाही दिसू शकतो.

स्वतःच्या तारखा ठाऊक असण्याचा आणखी एक फायदा आहे. 'आज शेवटचा दिवस, ताबडतोब या लिंकवर माहिती भरा, नाहीतर खाते बंद' असे फसवे निरोप आपल्या घाबरण्यावर चालतात. आपल्या कामाची खरी तारीख ज्याच्या वहीत आहे, तो असा निरोप पाहून घाबरत नाही. आधी वही पाहतो आणि मग बँकेत चौकशी करतो.

संस्थेच्या तारखा

विश्वस्त मंडळींसाठीही हे सारे तितकेच लागू आहे. अग्निशामक नळकांड्यांवर पुनर्भरणाची तारीख लिहिलेली असते. शाळेच्या बसला योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र लागते, आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. आयकर कायद्याखालील धर्मादाय संस्थेची नोंदणी आता ठरावीक वर्षांपुरती असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी करावा लागतो. म्हणजे प्रमाणपत्रावर छापलेली तारीख पाहत बसलो तर उशीरच होणार. शिवाय मंडळ बदलते, सचिव बदलतात, लिपिक निवृत्त होतात. संस्थेच्या तारखा एखाद्या व्यक्तीच्या फोनमध्ये नव्हे, संस्थेच्या खात्यातील कॅलेंडरमध्ये असाव्यात आणि किमान दोघांना दिसाव्यात.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमचे काम

फोन तुम्हाला मोठ्यांपेक्षा चांगला समजतो. तिथी आजी-आजोबांना तुमच्यापेक्षा चांगल्या समजतात. दोघांनी मिळून बसावे. एका कागदावर चार रकाने पाडा : काम, तारखेचा प्रकार, सुरुवात करण्याचा दिवस, आणि जबाबदार व्यक्ती. आधी आजीकडून तिथी लिहून घ्या, मग आई-बाबांकडून कागदपत्रांच्या मुदती, आणि शेवटी स्वतःच्या परीक्षा व शिष्यवृत्त्या. आठवीतील मुलांनी एनएमएमएसच्या चौकशीची नोंद सर्वांत वर घालावी. दहा आणि सोळा वर्षांच्या मुलांनी टीडी लसीची, पंधरा पूर्ण झालेल्यांनी आधारची. जे बारावीत आहेत त्यांनी मतदार नोंदणीची नोंद करावी. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चारपैकी कोणत्याही दिवशी १८ वर्षे पूर्ण असतील तर नाव नोंदवता येते, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो.

यादी झाली की ती फोनमध्ये घालायला एक संध्याकाळ पुरते. पालकांनी पुढच्या पालक सभेला येताना ती सोबत आणावी. शिष्यवृत्त्यांच्या बाबतीत तिच्यात काही राहिले असेल, तर कार्यालयात पाहून भरून घेता येईल. मुदत संपल्यावर कार्यालयात येण्यापेक्षा मुदतीआधी येणे आम्हालाही आवडेल.